संकल्पाला हवा साक्षीदार

जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापाशी पहाटे जी गर्दी दिसते, ती संक्रांतीपर्यंत क्वचितच टिकते. नवे कोरे बूट घातलेले चेहरे एकेक करून दिसेनासे होतात आणि उरतात ते वर्षानुवर्षे येणारे नेहमीचे फिरस्ते. या नेहमीच्या मंडळींकडे जरा निरखून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. त्यांतले बरेच जण एकटे येत नाहीत. कोणीतरी कोणाच्या तरी इमारतीखाली पाच वाजता उभे असते. काही वर्षांपूर्वी त्यासाठी एक मिस्ड कॉल पुरत असे. ‘मी खाली आलो आहे’ एवढाच त्याचा अर्थ.

‘जनाची नाही तर मनाची तरी’ ही म्हण मराठी घरांत लहानपणापासून कानांवर पडते. मनाची लाज ही जनांच्या लाजेपेक्षा श्रेष्ठ, असे ती गृहीत धरते. व्यवहार मात्र पुष्कळदा उलटा असतो. गजर बंद करण्यासाठी पुढे आलेल्या हाताला मनाची लाज फारशी अडवत नाही. खाली ताटकळत असलेला शेजारी अडवतो. माणसाच्या या दुबळेपणाचा जाणीवपूर्वक उपयोग करून घेण्याच्या पद्धतीला इंग्रजीत ‘अकाउंटेबिलिटी पार्टनर’ असे नाव मिळाले आहे. मराठीत त्याला रुळलेला प्रतिशब्द नाही. ‘उत्तरदायित्व’ हा शब्द शासकीय अहवालात शोभतो. पहाटेच्या फेरफटक्याला तो जड पडतो. त्यामुळे येथे ‘संकल्पसाथी’ हा शब्द योजला आहे.

ज्याला आपले ध्येय नेमक्या शब्दांत सांगितले आहे, ठरलेल्या वेळी जो त्याविषयी विचारतो आणि ज्याला खरे उत्तर देण्याचे आपण कबूल केले आहे, तो संकल्पसाथी. तो शिक्षक नव्हे, प्रशिक्षक नव्हे आणि सावकार तर नव्हेच. त्याला त्या विषयातले ज्ञान असलेच पाहिजे असेही नाही. वजन कमी करू पाहणाऱ्याचा साथी स्वतः सडपातळ असण्याची गरज नसते. त्याने रविवारी रात्री नऊ वाजता न चुकता फोन करणे, ही त्याची पात्रता.

उदक सोडण्यापासून

संकल्पाला साक्षीदार असावा ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. सत्यनारायणाच्या पूजेला बसलेला यजमान प्रथम स्थळ, काळ, स्वतःचे नाव, गोत्र आणि हेतू यांचा उच्चार करतो व तळहातावरून उदक सोडतो. कोण, कुठे, केव्हा आणि कशासाठी, ही सारी माहिती चारचौघांसमोर जाहीर होते. (एखाद्या गोष्टीवर ‘पाणी सोडणे’ याचा अर्थ मराठीत ती कायमची गेली असे समजणे असा व्हावा, हा भाषेचा खट्याळपणा.) वारकरी संप्रदायात तुळशीची माळ ज्येष्ठांच्या हातून गळ्यात पडते, ती मद्यमांस वर्ज्य करण्याच्या आणि एकादशी व वारी पाळण्याच्या वचनासह. ती माळ गळ्यात दिसत राहते, म्हणून आसपासचे सारेच साक्षीदार ठरतात.

४ सप्टेंबर १८८८ रोजी मुंबईहून विलायतेला निघालेल्या तरुण मोहनदास गांधींनी मद्य, मांस आणि परस्त्री यांपासून दूर राहण्याची शपथ घेतली होती. आईच्या मनातली शंका फिटावी म्हणून बेचरजी स्वामी या जैन साधूंनी ती शपथ त्यांना दिली. तथापि लंडनमध्ये त्यांना दर आठवड्याला विचारणारे कोणी नव्हते. साऱ्यांचाच संकल्प इतका चिवट नसतो. शपथ देणारा साक्षीदार आणि पाठपुरावा करणारा साक्षीदार यांत फरक आहे, आणि आजच्या संकल्पसाथीचे सारे सामर्थ्य दुसऱ्या प्रकारात आहे.

एका फोनची गोष्ट

या पाठपुराव्याचे सर्वांत जुने आणि सर्वांत कसोटीला उतरलेले आधुनिक रूप व्यसनमुक्तीच्या क्षेत्रात सापडते. मे १९३५ मध्ये बिल विल्सन हा न्यूयॉर्कचा गृहस्थ अमेरिकेतील अॅक्रन गावी एका हॉटेलात एकटा होता. ज्या व्यवहारासाठी तो आला होता तो फिसकटला होता. दारू सोडून त्याला काही महिने झाले होते आणि हॉटेलातला बार समोरच होता. त्याने बारकडे न जाता फोन गाठला आणि गावातल्या एखाद्या मद्यपीशी भेट घालून द्या, अशी विनवणी केली. त्यातून डॉ. बॉब स्मिथ या शल्यचिकित्सकाशी त्याची गाठ पडली. डॉ. स्मिथ यांनी १० जून १९३५ रोजी शेवटचा प्याला घेतला आणि तोच ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ अर्थात ‘एए’चा स्थापनादिन मानला जातो. या कथेतली लक्षात घेण्याजोगी बाब अशी की, विल्सनने त्या दिवशी सल्ला मागण्यासाठी फोन केला नव्हता. त्याला समदुःखी माणूस हवा होता.

‘एए’मध्ये नवागताला जो अनुभवी सदस्य सांभाळतो, त्याला ‘स्पॉन्सर’ म्हणतात. हा शब्द सुरुवातीच्या काळातील रुग्णालयांतून आला. अॅक्रन आणि न्यूयॉर्कमधील काही रुग्णालये मद्यपी रुग्णाला दाखल करून घेत. पण एखाद्या मुक्त सदस्याने त्याची जबाबदारी पत्करली तरच. तो सदस्य रुग्णाला घेऊन जाई, भेटायला येई आणि सुटी मिळाल्यावर त्याला सभेला नेई. भारतात ‘एए’चे काम १९५७ मध्ये सुरू झाले. मुंबईच्या उपनगरांत आज चर्चच्या सभागृहांत आणि शाळांच्या वर्गांत या सभा भरतात. आडनाव विचारले जात नाही, वर्गणी सक्तीची नाही. वांद्र्याच्या माउंट कार्मेल चर्चमधून फादर ज्यो परेरा यांनी १९८१ मध्ये सुरू केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने याच बारा पायऱ्यांना योगाची जोड दिली, तर पुण्यात डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी १९८६ मध्ये स्थापन केलेल्या ‘मुक्तांगण’ने उपचारांनंतरच्या पाठपुराव्याला उपचारांइतकेच महत्त्व दिले.

स्पॉन्सर काय करतो? फारसे काही नाही, असे बाहेरच्याला वाटेल. तो फोन उचलतो. पिण्याची ऊर्मी आली की प्याला उचलण्याआधी फोन उचलायचा, हा संकेत. स्पॉन्सर डॉक्टर नसतो आणि समुपदेशकही नसतो. पण ‘काल फक्त एकच घेतला’ या वाक्यामागे काय असते ते त्याला ठाऊक असते, कारण ते वाक्य त्याने स्वतः पुष्कळदा उच्चारलेले असते. त्याच्यापुढे खोटे बोलणे अवघड जाते आणि खरे बोलणे त्या मानाने सोपे. घरात नेमके याच्या उलट असते. पत्नीला खरे सांगितले तर भांडण, खोटे सांगितले तर तात्पुरती शांतता.

घरचे माणूस नको

घरच्या माणसाविषयीचा हा अनुभव सरकारी आरोग्यखात्यालाही मान्य करावा लागला होता. १९९७ पासून देशात विस्तारलेल्या सुधारित राष्ट्रीय क्षयरोग नियंत्रण कार्यक्रमाचा कणा म्हणजे ‘डॉट्स’. साध्या क्षयरोगाचा उपचार किमान सहा महिने चालतो. एकदोन महिन्यांत खोकला थांबतो, भूक लागते आणि गोळ्या सुटतात. अर्धवट उपचारांतून औषधांना न जुमानणारे जंतू तयार होतात. माहीमच्या हिंदुजा रुग्णालयातील डॉक्टरांनी २०११ च्या अखेरीस, तपासलेल्या सर्वच औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगाचे रुग्ण नोंदवले, तेव्हा हा प्रश्न साऱ्या जगासमोर आला. संकल्प मोडण्याची किंमत येथे रुग्णाबरोबर त्याच्या खोलीत झोपणाऱ्या चौघांनाही मोजावी लागते.

यावरचा उपाय म्हणजे गोळी दुसऱ्याच्या डोळ्यांदेखत घेणे. त्या काळच्या नियमांनुसार प्रत्येक रुग्णाच्या नावाची औषधांची संपूर्ण पेटी राखून ठेवली जाई. पहिल्या टप्प्यात आठवड्यातून तीनदा प्रत्येक मात्रा समक्ष घ्यावी लागे. पुढील टप्प्यात आठवड्याची पहिली मात्रा समक्ष घ्यायची, बाकीची घरी, आणि रिकामे पाकीट परत आणून दाखवायचे. समोर बसणारी व्यक्ती अंगणवाडीताई असेल, दुकानदार असेल, शेजारीण असेल. अट एवढीच की, ती रुग्णाला सोयीची व मान्य असावी आणि कुटुंबातली नसावी. घरचे माणूस मायेने सूट देते किंवा रागाने बोलते. दोन्हींनी गोळी चुकते. पुढे हा नियम सैल झाला, २०१७ पासून औषधे रोज घेण्याची पद्धत देशभर आली आणि ‘नाइंटीनाइन डॉट्स’सारख्या योजनांत पाकिटात गोळीमागे दडवलेल्या क्रमांकावर रुग्णाने मोफत फोन लावला की मात्रा घेतल्याची नोंद होऊ लागली. इमारतीखालून दिलेल्या मिस्ड कॉलचे हे वैद्यकीय भावंड म्हणता येईल.

पण या कथेला दुसरी बाजूही आहे. ‘कोक्रेन’ या वैद्यकीय संशोधनाचा धांडोळा घेणाऱ्या संस्थेने २०१५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या आढाव्यात, निव्वळ डोळ्यांदेखत गोळी देण्याने बरे होणाऱ्यांचे प्रमाण लक्षणीय वाढल्याचे आढळले नाही. रोजंदारी बुडवून दवाखान्यात हजेरी लावायची आणि तेथे कोणी धड बोलायचेही नाही, अशी देखरेख माणसाला बांधून ठेवत नाही. संकल्पसाथीच्या नावाखाली जे पहारेकरी नेमले जातात, त्यांच्याबाबत हेच घडते. कार्यालयातील वरिष्ठ हा म्हणूनच बहुधा वाईट साथी ठरतो. त्याच्यापुढे अपयश कबूल करणे म्हणजे गोपनीय अहवालात शेरा ओढवून घेणे.

भिशीतली भीड

उपनगरांतील चाळी आणि सोसायट्यांना याच तत्त्वाचा आर्थिक अवतार पिढ्यान्‌पिढ्या माहीत आहे. दहा जणींनी दरमहा हजार रुपये काढायचे आणि चिठ्ठी निघेल तिने दहा हजार उचलायचे, ही भिशी. पहिल्याच महिन्यात रक्कम उचललेली बाई उरलेले नऊ महिने हप्ता का भरते? करारनामा नसतो, दंड नसतो. असते ती भीड. नळावर, जिन्यात, हळदीकुंकवात त्याच नऊ जणी भेटणार असतात. गिरणगावातील खानावळवाल्या स्त्रियांसाठी प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये उभ्या केलेल्या ‘अन्नपूर्णा महिला मंडळा’ने अशाच परस्परांच्या हमीवर बँकेचे कर्ज मिळवून दिले. ‘नाबार्ड’ने १९९२ मध्ये बचत गट बँकांशी जोडण्यास प्रारंभ केला, त्यामागेही हाच विचार होता. भिशी बुडवून पळालेल्यांच्या कथाही याच उपनगरांत ऐकायला मिळतात, हे खरे. पण त्या बहुतेक वेळा ओळखीपलीकडे फुगवलेल्या भिशीच्या असतात.

ही भीड नेमकी किती काम करते, याचे मोजमाप शेजारच्या कर्नाटकात झाले आहे. एमिली ब्रेझा आणि अरुण चंद्रशेखर या अर्थतज्ज्ञांनी तेथील ६० खेड्यांत सुमारे १,३०० जणांवर केलेला प्रयोग २०१९ मध्ये ‘इकॉनोमेट्रिका’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. प्रत्येकाने सहा महिन्यांसाठी स्वतःच बचतीचे लक्ष्य ठरवले. काहींच्या प्रगतीची माहिती दर पंधरवड्याला गावातल्याच एका व्यक्तीला कळवण्यात आली. ती व्यक्ती रागावत नव्हती, बक्षीस देत नव्हती. तिला फक्त कळत होते. ज्यांना असा साक्षीदार लाभला, त्यांची बचत इतरांच्या तुलनेत एकतृतीयांशाहून अधिक वाढली. गावात ज्याचा वावर मोठा आणि बचत करणाऱ्याशी ज्याचे नाते जवळचे, अशा साक्षीदाराचा प्रभाव अधिक पडला. ‘याने सांगितले तर चार लोकांना कळेल’ हा विचार बचतीच्या डब्याला कुलूप लावतो, असे म्हणता येईल.

मग साक्षीदार समोरच असला पाहिजे काय? चिलीमधील लहान उद्योजकांवर झालेल्या एका अभ्यासात बचत गटांच्या बैठकांनी बचत वाढली. परंतु बैठकीऐवजी मोबाइलवर प्रगतीचे संदेश पाठवूनही जवळपास तितकाच परिणाम साधला. लोकलच्या गर्दीत दिवसाचे तीन तास घालवणाऱ्यांना हा दिलासाच आहे.

जाहीर करणे म्हणजे करणे नव्हे

येथे एक धोका नोंदवला पाहिजे. संकल्प चार लोकांना सांगितला की काम झाले, असा समज पसरला आहे. मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत उलटेच दिसले. आपला हेतू दुसऱ्याच्या ध्यानात आल्यावर माणसाला ध्येयाच्या वाटेवर असल्याचे समाधान आगाऊच मिळते आणि प्रत्यक्ष श्रम कमी होतात. ‘यंदा मॅरेथॉन धावणार’ असे सोसायटीच्या गटात जाहीर करून पन्नास अंगठे मिळवणाऱ्याची गत अशीच होते. याउलट, १३८ अभ्यासांचा एकत्रित विचार करून २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे आढळले की, प्रगतीची वारंवार नोंद ठेवल्याने ध्येय गाठण्याची शक्यता वाढते आणि ती नोंद लिहून ठेवली किंवा इतरांना कळवली तर परिणाम आणखी वाढतो. हेतू जाहीर करणे वेगळे आणि हिशेब देणे वेगळे. साथीदार असल्यास यशाची शक्यता ९५ टक्के, असा एक आकडा व्यक्तिमत्त्व विकासाच्या व्याख्यानांत सर्रास फेकला जातो. त्यामागचा प्रसिद्ध झालेला अभ्यास मात्र सापडत नाही. तो विसरलेलाच बरा.

‘चाललंय’ हे उत्तर नव्हे

आता प्रत्यक्ष कृतीविषयी. समजा, घाटकोपरची एक तरुणी नोकरी सांभाळून स्पर्धा परीक्षेची तयारी करते आहे आणि अंधेरीची तिची जुनी मैत्रीण संकल्पसाथी व्हायला तयार आहे. २०१४ मध्ये मेट्रो सुरू झाल्यापासून दोघींमधले अंतर अर्ध्या तासाहून कमी झाले असले तरी दर आठवड्याची भेट जमेलच असे नाही. म्हणून फोन. तो कोण करणार हे आधीच ठरवावे. विचारणाऱ्याने करावा, हे उत्तम. कारण अभ्यास न झालेल्या आठवड्यात दुसरीचा फोन हमखास ‘राहून जातो’.

‘कसं चाललंय?’ असे विचारले की मराठी माणूस ‘चाललंय’ म्हणतो. या एका शब्दाने आजवर असंख्य संकल्पांची अब्रू झाकली आहे. म्हणून प्रश्नाचे उत्तर आकड्यात यायला हवे. किती तास झाले? बारा ठरले होते, सात झाले. एवढे पुरे. पाच तास का बुडाले याची कहाणी दोन मिनिटांत संपवावी आणि पुढच्या आठवड्याचा आकडा ठरवावा. आकडा कमी करण्याची मुभा असावी. तो न सांगण्याची नसावी. पंधरा मिनिटांहून लांबलेला फोन बहुधा गप्पांकडे वळतो. गप्पा वाईट नाहीत. त्या वेगळ्या वाराला माराव्यात.

व्यायामाच्या बाबतीत फोनपेक्षा सोबत बरी. मुंबई मॅरेथॉन २००४ मध्ये सुरू झाल्यापासून उपनगरांत धावणाऱ्यांचे अनेक गट तयार झाले. जानेवारीतल्या ४२.१९५ किलोमीटरची तयारी पावसाळ्यातच सुरू करावी लागते आणि जुलैच्या पावसात पहाटे एकट्याने घराबाहेर पडणारे विरळा. साथीदाराचा वेग निराळा असला तरी चालते. एकत्र निघणे महत्त्वाचे, एकत्र पोहोचणे नव्हे.

निवड करताना काही माणसे टाळलेली बरी. ज्याच्याशी पैशाचा व्यवहार आहे तो नको. ज्याचे आपल्या यशात किंवा अपयशात हित गुंतले आहे तो नको. मुलाच्या गुणांचा हिशेब ठेवणारे वडील संकल्पसाथी होऊ शकत नाहीत, कितीही प्रेमळ असले तरी. सारे समजून घेणारा जिवलग मित्रही नको, कारण तो पहिल्याच आठवड्यात ‘जाऊ दे रे’ म्हणेल. ज्याच्याविषयी आदर आहे, पण ज्याची भीती वाटत नाही, असा परिचित शोधावा. त्याच फलाटावर रोज भेटणारा सहप्रवासी, ग्रंथालयात नेहमी दिसणारा वाचक, जुना शाळासोबती.

पहिले खोटे बहुधा लहान असते. सातचे नऊ होतात. साथीदाराच्या ते ध्यानात येतेही. पण भिडस्तपणापायी तो गप्प बसतो आणि तेथून दोघांचीही नाटके सुरू होतात. यावर ‘एए’तील अनुभवी मंडळींचा उपाय साधा आहे. स्पॉन्सर आधी स्वतःच्या घसरणीविषयी बोलतो. विचारणाऱ्यानेही स्वतःचा एखादा संकल्प धरावा आणि त्याचा आकडा सांगावा, म्हणजे फोन चौकशीसारखा वाटत नाही.

काही ठिकाणी मात्र संकल्पसाथी पुरेसा नाही. दीर्घकाळ रोज पिणाऱ्याने एकाएकी दारू बंद केल्यास झटके येऊ शकतात, भ्रम होऊ शकतो आणि ते जिवावरही बेतू शकते. ती सुरुवात डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हायला हवी. नैराश्याने अंथरूण न सोडणाऱ्याला रोज आकडा विचारणे म्हणजे जखमेवर बोट ठेवणे. तेथे मानसोपचारतज्ज्ञ आधी, साथीदार मागाहून.

व्यवस्थेला मुदत असावी, तीन महिन्यांची पुरते. मुदत संपली की पुढे चालू ठेवायचे की थांबायचे, हे दोघांनी उघडपणे ठरवावे. नाहीतर फोन आपोआप विरळ होतात आणि चांगली मैत्री उगाच अवघडून जाते. ‘एए’त नवागताला सुरुवातीला तात्पुरता स्पॉन्सर मिळू शकतो. सूत जुळले नाही तर तो दुसरा शोधू शकतो आणि त्याचे कारण त्याला कोणालाही द्यावे लागत नाही.